हजेरीपटातला तिसरा रकाना

शाळेच्या हजेरीपटात मुलाच्या नावापुढे रोज एकच प्रश्न असतो : आला की नाही आला? उत्तरं दोनच. हजर किंवा गैरहजर. आला, पण अंगात ताप आहे. आला, पण रात्रभर खोकत होता. आला नाही, कारण बाकावरच्या दोघांना ताप आहे म्हणून आईने मुद्दाम घरी ठेवलं. यातलं काहीही त्या चौकटीत मावत नाही. रजेचा अर्ज दिला, तरी महिनाअखेरच्या बेरजेत तो दिवस गैरहजेरीतच जमा होतो.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या कामात एखाद्या गोष्टीला दोनच पर्याय ठेवले की पुढे काय गोंधळ होतो, हे रोज बघायला मिळतं. शाळकरी मुलांमधला फ्लू कसा रोखायचा, याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास वाचायला लागलो, तेव्हा वाटलं होतं की मास्क, गोळ्या आणि लशींबद्दलच वाचायला मिळेल. ते मिळालंच. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या साथींत हा साधा हजेरीपट पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. ही गोष्ट त्याचीच आहे.

छत्री, नवी पुस्तकं आणि ताप

फ्लू म्हटलं की थंडी आठवते, कारण आपण वाचतो ते बहुतेक युरोप-अमेरिकेचं. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, साधारण जुलै ते सप्टेंबर. जानेवारी ते मार्चमध्ये आणखी एक लाट येते. म्हणजे जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि पाठोपाठ फ्लूचा हंगाम सुरू होतो.

माझ्या गावात, नळदुर्गात, हे दिवस मोठे देखणे असतात. बोरी नदीला पाणी येतं. किल्ल्यात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधलेल्या बंधाऱ्यावरून, पाणीमहालाच्या दोन बाजूंनी, नर आणि मादी हे धबधबे कोसळायला लागतात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून पर्यटकांच्या गाड्या वळतात. त्याच दिवसांत वर्गांच्या खिडक्या पाऊस आत येतो म्हणून लावून घेतल्या जातात. नळदुर्गच्या शाळांत फक्त नळदुर्गची मुलं नसतात. आसपासच्या वाड्या-तांड्यांवरून एसटीने, वडापने, दाटीवाटीने बसून मुलं येतात. दुपारी रांगेत बसून एकत्र जेवतात, संध्याकाळी तशीच परत जातात. विषाणूला एवढी सोय पुरे असते.

फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यावर एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात. पण माणूस त्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच इतरांना लागण करू शकतो आणि पुढे पाच-सात दिवस करत राहतो. लहान मुलांमध्ये ही मुदत मोठ्यांपेक्षा लांबते. शिवाय मुलं एकमेकांच्या किती जवळ असतात, हे वेगळं सांगायला नको. म्हणून साथ बहुतेक वेळा वर्गात वाढते आणि दप्तरातून घरी जाते. घरी आजी असते, सहा महिन्यांचा भाऊ असतो, गरोदर काकू असते. फ्लूने जिवावर बेतण्याचा धोका जास्त असतो तो या लोकांना.

मानमोडी

१९१८ साली जे आलं त्याला आपल्याकडच्या लोकांनी नाव दिलं होतं मानमोडी. जून महिन्यात मुंबईच्या गोदीत ड्यूटी करणारे पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि पाहता पाहता शहर अंथरुणाला खिळलं. पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसं गेली. महायुद्धावरून परतणारे सैनिक आणि रेल्वे यांच्यासोबत साथ देशभर पसरली. त्याच वर्षी पाऊसही बुडाला होता. उपाशी अंगावर ताप आला. हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास ते दोन कोटींपर्यंत माणसं दगावली असावीत, असे इतिहासकारांचे अंदाज आहेत.

नळदुर्ग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाची १९११ ची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३३ लाख ७५ हजार. १९२१ ची सुमारे १ कोटी २४ लाख ७२ हजार. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी नऊ लाख माणसं कमी. त्यात दुष्काळाचा, प्लेगचा, पटकीचा वाटा आहे, पण मानमोडीचा वाटा फार मोठा आहे.

या साथीची एक विचित्र गोष्ट अशी की तिने सर्वांत जास्त बळी घेतले ते वीस ते चाळीस वयाच्या माणसांचे. म्हणजे शाळेच्या वयाची मुलं त्या मानाने वाचली, त्यांचे आईबाप गेले. तेव्हा आपल्याकडे शाळेत जाणारी मुलंच मोजकी होती, त्यामुळे शाळेचं काय करायचं हा प्रश्न फार लोकांना पडलाच नसावा. तो पडला हजारो मैल दूर, न्यूयॉर्कमध्ये.

न्यूयॉर्कची उघडी शाळा

१९१८ च्या त्याच शरद ऋतूत अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्कने केल्या नाहीत. तिथे जवळपास दहा लाख मुलं शाळेत होती आणि त्यातली बहुतेक स्थलांतरितांच्या कोंदट चाळींत राहत होती. शहराचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड आणि बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांचं म्हणणं असं की, एका खोलीत आठ माणसं राहतात तिथे मुलाला दिवसभर कोंडण्यापेक्षा हवेशीर वर्गात, शिक्षकाच्या नजरेखाली ठेवणं बरं.

पण त्यांनी शाळा फक्त उघडी ठेवली नाही. मुलांनी पटांगणात घोळका करायचा नाही, सरळ वर्गात जायचं. रोज सकाळी शिक्षकांनी प्रत्येक मुलाकडे नीट पाहायचं. कुणाला शंका आली तर त्याला वेगळं बसवायचं, शाळेच्या डॉक्टरने तपासायचं, मग घरी पाठवायचं. घरी काळजी घेतली जाते का, हे बघायला आरोग्य खात्याचं माणूस जायचं.

हे एका रात्रीत उभं राहिलं नव्हतं. सोळा वर्षं आधी, १९०२ मध्ये, न्यूयॉर्कच्या चार शाळांमध्ये लिना रॉजर्स नावाची परिचारिका नेमली गेली होती. त्याआधी डॉक्टर यायचे, खरूज किंवा डोळे आलेल्या मुलांना घरी पाठवून द्यायचे आणि ती मुलं उपचारांवाचून रस्त्यावर हिंडायची. रॉजर्सने शाळेतच औषधपाणी केलं आणि घरी जाऊन आयांना समजावलं. शाळांमधून परत पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या वर्षभरात दहा हजारांवरून सुमारे अकराशेवर आली. १९१८ ची साथ आली तेव्हा ही व्यवस्था हाताशी होती.

न्यूयॉर्कचं मृत्यूचं प्रमाण फिलाडेल्फिया आणि बोस्टनपेक्षा कमी राहिलं. ते शाळा उघड्या ठेवल्यामुळे राहिलं, असं मात्र म्हणता येत नाही. ज्या शहरांनी शाळा आणि गर्दीच्या जागा लवकर आणि जास्त काळ बंद ठेवल्या, त्यांनाही फायदा झाला, असं नंतरचे अभ्यास सांगतात. मला यातून एवढंच दिसतं की, शाळा बंद की चालू या प्रश्नाआधी एक प्रश्न असतो : आजारी मूल कोण ओळखतं आणि ओळखल्यावर त्याचं काय होतं?

रोज एक रुपया

आपल्या शाळांत हजेरीला इतकं महत्त्व का आहे? ‘नियमांचा बाऊ’ म्हणून ते उडवून लावणं सोपं आहे, पण त्यामागचं कारण चांगलं आहे.

जानेवारी १९९२ मध्ये महाराष्ट्र सरकारने एक योजना सुरू केली. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या विमुक्त जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दररोज एक रुपया. उपस्थिती भत्ता. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची शालेय पोषण आहार योजना सुरू झाली, तेव्हा शिजवलेलं अन्न नव्हतं. ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला ३ किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचे. पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि ताटात शिजवलेलं जेवण आलं. तेही मिळतं ते शाळेत असणाऱ्या मुलालाच.

आमच्या भागात ही हजेरी म्हणजे मुलीच्या शिक्षणाला लावलेली टेकणी आहे. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वर्ग अर्धे रिकामे होतात. धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठीला घरी बसवलं जातं. एक दिवस, मग आठवडा, मग शाळा कायमची सुटते. त्यामुळे ‘काहीही झालं तरी शाळेत ये’ असं सांगणारे शिक्षक खलनायक नाहीत. गैरहजेरीची ती खूण बघून ते तांड्यावर जातात आणि पोरीला परत आणतात.

पण ‘काहीही झालं तरी’मध्ये ताप आला तरी, हेही येतं. माझ्या शाळेत शंभर टक्के हजेरीचं बक्षीस होतं. एक वही आणि कंपासपेटी. माझ्या वर्गातला एक मुलगा ऑगस्टमध्ये तीन दिवस तापाने फणफणत शाळेत येत होता. शेवटच्या बाकावर डोकं टेकून पडून असायचा. पुढच्या आठवड्यात आम्ही सात-आठ जण आजारी पडलो. त्याला वर्षअखेरीला बक्षीस मिळालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात काही वावगं आहे, असं कुणाला वाटलं नाही.

शिवाय तो घरी राहिला असता तर त्याच्यापाशी कोण बसणार होतं? आई रोजाने खुरपायला जाते. एक दिवस घरी बसली की त्या दिवसाची मजुरी गेली, मुलाचं शाळेतलं जेवण गेलं. मला कंपनीकडून आजारपणाच्या पगारी रजा मिळतात. तिला मिळत नाहीत आणि तिच्या मुलालाही नाहीत.

पाचगणी, पुणे, २००९

२००९ ची स्वाइन फ्लूची साथ ही महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांची साथ म्हणून लक्षात राहावी अशी आहे. २४ जून ते ३० जुलै या काळात पाचगणीच्या एका निवासी शाळेत तापाची साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिचा तपास केला. शाळेतल्या एकूण ४१५ जणांपैकी २९५ जणांना फ्लूसारखा आजार झाला. म्हणजे शंभरात एकाहत्तर. नंतर सगळ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा नव्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं शाळेतल्या ५२ टक्के लोकांमध्ये सापडली. आसपासच्या वस्तीत ती ९ टक्के लोकांमध्ये होती.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. गाव तेच, हवा तीच, पाऊस तोच. फरक एवढाच की एका ठिकाणी मुलं एकत्र झोपतात, एकत्र जेवतात, एकत्र शिकतात. पाचगणीची शाळा श्रीमंतांची असेल, पण आमच्याकडच्या आश्रमशाळांमध्येही पोरं अशीच शेजारीशेजारी झोपतात. तिथे तर वेगळी खोलीही मिळणं कठीण.

त्यानंतर ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. स्वाइन फ्लूचा देशातला तो पहिला मृत्यू. पुण्याच्या नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या, मास्क मिळेनासे झाले, शाळा आठवडाभर बंद झाल्या. पाठोपाठ मुंबईतल्याही. मी तेव्हा सातवीत होतो. नळदुर्गात बातमी पोचली ती टीव्हीवरून आणि पुण्याहून घाईघाईने परतलेल्या लोकांकडून. आमच्या उपायांमध्ये खिशातला रुमाल होता आणि कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी. ती हुंगत हुंगत आम्ही शाळेत जायचो. विषाणूवर तिचा काही परिणाम होत नव्हता. भारतीय बनावटीच्या लशी बाजारात आल्या त्या २०१० च्या जून-जुलैत, त्यातली नाकात फवारायची लस पुण्यातच तयार झालेली. तोवर साथीचा पहिला आणि सगळ्यात भीतीचा पावसाळा होऊन गेला होता.

तिघांतला एक

इथे थोडं गणित. गोवराचा एक रुग्ण, कुणालाच लस दिलेली नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागण करतो. तिथे लशीशिवाय इलाज नाही. २००९ च्या फ्लूचा एक रुग्ण सरासरी दीड जणाच्या आसपास लागण करत होता. म्हणजे दोन मुलांकडून तिघांना. त्या तिघांतली एक लागण टाळता आली, तर दोघांकडून दोघांनाच जाईल आणि साथ वाढायची थांबेल. त्याहून जरा जास्त टाळता आली, तर ती आपोआप ओसरेल.

म्हणून फ्लूच्या बाबतीत छोटे, अर्धेमुर्धे उपायही कामाचे ठरतात. ताप यायच्या आधीच्या दिवशी मूल लागण करतं, ती थांबवता येणार नाही. पण ताप आल्यानंतरचे तीन-चार दिवस ते घरी राहिलं, खिडक्या उघड्या राहिल्या, जेवणाआधी साबणाने हात धुतले गेले, शिंकताना तोंड कोपरात गेलं, तर सगळं मिळून तिघांतली एक लागण टळू शकते. यातला सर्वांत मोठा वाटा आजारी मुलाने घरी राहण्याचा असायला हवा. आणि नेमकं तेच आपण महाग करून ठेवलंय.

जपानचा हजेरीपट

जपानमध्ये १९६० च्या दशकापासून शाळेतल्या मुलांना फ्लूची लस देत. ऐंशीच्या दशकात तिच्या उपयोगाबद्दल शंका घेतल्या जाऊ लागल्या, १९८७ मध्ये पालकांना नकार द्यायची मुभा मिळाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रम बंद झाला. त्यानंतर मृत्यू वाढले, मुख्यतः म्हाताऱ्या माणसांचे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अंदाज बांधला की, दर ४२० मुलांच्या लसीकरणामागे एक मृत्यू टळत होता. या आकड्यांवर पुढे वादही झाले. पण कॅनडातल्या हटराइट समाजाच्या शेतकरी वसाहतींत केलेल्या प्रयोगातही दिसलं की, फक्त मुलांना लस दिली तर लस न घेतलेल्या लोकांनाही ६१ टक्के संरक्षण मिळतं. नातवाच्या दंडावरची सुई आजीला वाचवते. आपल्याकडे फ्लूची लस सार्वत्रिक लसीकरणात नाही. बालरोगतज्ज्ञ ती पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना दरवर्षी द्यायला सांगतात आणि ज्यांना परवडते ते देतात.

लशीपेक्षा मला जपानची दुसरी गोष्ट जास्त शिकण्यासारखी वाटते, कारण तिला पैसे लागत नाहीत. तिथे फ्लू झालेल्या मुलाने शाळेत यायचंच नाही, असा कायदा आहे. ताप सुरू झाल्यापासून पाच दिवस आणि ताप उतरल्यावर दोन दिवस. आणि हे दिवस गैरहजेरीत धरत नाहीत. त्यांची नोंद वेगळी होते : उपस्थिती स्थगित. वर्गातली बरीच मुलं आजारी पडली, तर सगळी शाळा बंद न करता तेवढाच वर्ग काही दिवस बंद ठेवतात.

जपानच्या हजेरीपटाला तिसरा रकाना आहे.

वीस महिने

तो नसला की काय होतं, हे आपण नुकतंच पाहिलंय. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. आजार नवा होता, तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. पण ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. वीस महिने. पहिलीत नाव घातलेलं मूल वर्ग न बघता दुसरीत गेलं आणि तिसरीच्या उंबरठ्यावर आलं. ऑनलाइन शाळा होती, पण तिला फोन लागत होता, रेंज लागत होती, आणि घरातला एकुलता फोन बाप कामावर घेऊन जात होता. त्या काळात किती मुलींचा हात शाळेतून सुटला, ते आमच्या भागातल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा.

एकही मूल आजारी म्हणून मोजायची सोय नसेल, तर साथ आली की आपल्या हातात दोनच बटणं उरतात : सगळं चालू, नाहीतर सगळं बंद.

मग करायचं काय

तिसरा रकाना म्हणजे नुसती एक उभी रेघ नव्हे. त्याला तीन गोष्टी जोडाव्या लागतील.

पहिली, पैसा आणि जेवण. ‘आजारी’ अशी नोंद झालेल्या दिवसाचा भत्ता कापायचा नाही आणि त्या दिवसाचा आहार कोरड्या शिध्याच्या रूपात घरी पोचवायचा. हे अशक्य नाही. करोनाच्या काळात शाळा बंद असताना तांदूळ आणि डाळी पालकांना वाटल्या गेल्याच होत्या.

दुसरी, नजर. तिसऱ्या रकान्याचा गैरवापर होईल, ही शंका रास्त आहे. उद्या ऊसतोडीला नेलेली मुलगीही ‘आजारी’ म्हणून लिहिली जाईल. म्हणून दोन-तीन दिवसांनी कुणीतरी घरी जायला हवं, लिना रॉजर्स जायची तसं. आशाताई गावोगाव आहेत. नळदुर्गपासून जवळच अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना आरोग्याचं प्रशिक्षण देऊन तयार केलं, याला अनेक वर्षं झाली. घरोघरी जाणारं माणूस आपल्याकडे नाही, असं नाही. शाळेच्या हजेरीचा धागा त्या माणसाशी जोडलेला नाही. तो जोडला, तर एकाच फेरीत ताप उतरला का हेही कळेल आणि पोरगी खरंच घरी आहे का हेही.

तिसरी, माहिती. एका वर्गात तीन दिवसांत सहा मुलं ‘आजारी’ झाली, तर ती साथीची सगळ्यात लवकर मिळणारी खबर आहे. दवाखान्यात रांग लागायच्या आधी ती मुख्याध्यापकांच्या टेबलावर आलेली असते. आज ती ‘गैरहजर’ या शब्दाखाली गाडली जाते. नळदुर्गच्या एखाद्या शाळेने पावसाळ्याचे तीन महिने हा रकाना आखून पाहिला, तर त्याला कुठलं ॲप लागणार नाही. पट्टी आणि पेन पुरेल.

आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस? ते ठेवावं. फक्त तापात घरी राहिलेले दिवस त्यातून वजा करू नयेत. सातवीतल्या त्या मुलाला वही आणि कंपासपेटी मिळालीच असती. आणि आम्हा सात-आठ जणांतल्या काहींच्या घरी तरी तो ताप गेला नसता.